आप्पांची सुप्रमा

आमच्या सोसायटीत एकूण एकोणीस सायकली आहेत. अकरा गंजलेल्या, पाच पोरांच्या, दोन वॉचमनच्या आणि एक आप्पांची. आप्पांची सायकल अजून आलेली नाही. तरी मोजणीत तिला धरावं लागतं, कारण माझ्या पार्किंगमध्ये तिची जागा पिवळ्या ऑइलपेंटने आखून झाली आहे. १८५ सेंटिमीटर लांब, ६५ रुंद. गेली तीन वर्षं माझी स्कूटर त्या चौकटीला वळसा घालून उभी राहते. एकदा घाईत पुढचं चाक रेघेच्या आत गेलं, तर संध्याकाळी दाराच्या फटीतून चिठ्ठी आली, ‘अतिक्रमण तातडीने दूर करावे, ही विनंती.’ खाली तारीख, सही आणि जावक क्रमांक.

आप्पा सरकारी नोकरीत उपअभियंता होते. ३४ वर्षं धरणं आणि कालवे. निरोपसमारंभात शाल-नारळ घेताना कुणीतरी विचारलं, आता पुढे काय? अशा वेळी माणसं नातवंडं म्हणतात, नाहीतर नर्मदा परिक्रमा. आप्पा म्हणाले, “सायकलवरून कन्याकुमारी.” टाळ्या पडल्या. त्याला आता चार वर्षं झाली.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. नुसतं ‘करू, करू’ म्हणणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. आप्पा त्यांतले नव्हेत. ते रोज सकाळी दहाला अंघोळ-पूजा उरकून टेबलाशी बसतात, दीडला जेवायला उठतात, वामकुक्षी आटोपून पुन्हा तीन ते पाच बसतात. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी योग्य सायकल निवडणं हे काम ते पूर्ण वेळ करतात. काम कुठे अडलेलं नाही. ते मोठं आहे, इतकंच.

मार्ग पहिल्याच आठवड्यात ठरला होता. ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून म्हसळा-श्रीवर्धनवरून सागरी रस्ता, वाटेतल्या खाड्या जंगलजेटीने ओलांडायच्या, म्हणजे बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. पुढे राष्ट्रीय महामार्ग ६६ धरायचा आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून थेट देशाचं टोक गाठायचं. सुमारे १,६०० किलोमीटर. एवढ्या मार्गाला आप्पांनी दिले दोन दिवस. रस्ता आधीच बांधलेला होता, त्यात निवडण्यासारखं फारसं काही नव्हतं.

सायकलीचं पहिलं अंदाजपत्रक २५,००० रुपयांचं होतं. वहिनींनी ते मेथी निवडता निवडता मंजूर केलं. सरकारी कामाशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मंजूर रकमेत काम बसेनासं झालं की नव्याने मान्यता घ्यावी लागते, तिला म्हणतात सुधारित प्रशासकीय मान्यता. एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार, म्हणून सगळे ‘सुप्रमा’ म्हणतात. ऐकायला एखाद्या सोज्वळ मुलीचं नाव वाटतं. आप्पांच्या घरी ही सुप्रमा चार वर्षांत तीनदा येऊन गेली. पंचवीस हजारांचे अठ्ठेचाळीस झाले, अठ्ठेचाळीसचे ब्याण्णव, आणि तिसऱ्या खेपेला १,३७,५००. प्रत्येक वेळी कारणं रकाने पाडून दिलेली: दरसूचीतील वाढ, संकल्पचित्रातील बदल, भूसंपादन. भूसंपादन म्हणजे माझं पार्किंग. मोबदला म्हणून मला दर मे महिन्यात हापूसची एक पेटी मिळते, त्यामुळे प्रकल्पग्रस्त असूनही मी उपोषणाला वगैरे बसलेलो नाही.

मी या कामात ओढला गेलो तो एका रविवारी सकाळी. गव्हाचं दळण दिलंत का, एवढंच विचारायला गेलो होतो. दार वहिनींनी उघडलं, त्यांच्या हातात शिवणाची टेप. आत आप्पा हाफपँटीत, अनवाणी, भिंतीला पाठ टेकून सावधानमध्ये उभे, आणि दोन मांड्यांच्या मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश.

“आलात? बरं झालं. तिसरा माणूस हवाच होता,” आप्पा मान न हलवता म्हणाले.

सायकलीचं माप उंचीवरून घेत नाहीत, पायाच्या आतल्या लांबीवरून घेतात, हे मला त्या दिवशी कळलं. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक जांघेत वर दाबून धरायचं, जणू सीटवर बसलो आहोत असं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. वहिनींनी घेतलेलं माप आलं ७९, मी घेतलेलं ८०. दोन्ही मापं धरून सरासरी काढली, साडेएकोणऐंशी. तिला ०.६७ ने गुणलं की सांगाड्याचं माप, म्हणजे ५३ सेंटिमीटर, ०.८८३ ने गुणलं की सीटची उंची, म्हणजे ७०.२. आप्पांनी दोन्ही आकडे मोजमाप पुस्तकात लिहिले. निवृत्त होताना खात्याचं पुस्तक परत करावं लागलं म्हणून तसंच एक छापून घेतलं आहे त्यांनी. साक्षीदार म्हणून मी सही केली. दळणाचं राहूनच गेलं.

“पण आप्पा, दुकानात जाऊन एकदा टांग टाकून बघितली तर?”

“टांग टाकून लग्नं होतात, कामं होत नाहीत,” असं काहीतरी ते म्हणाले. अर्थ मला अजून लागलेला नाही.

पुढचे आठ महिने चाकांत गेले. मला वाटायचं, चाक म्हणजे चाक. आप्पांनी मला बसवून समजावलं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्यांच्या नातीच्या बारशालासुद्धा पाहिला नव्हता. सव्वीस इंची म्हणून जे चाक विकतात त्याच्या रिमा निदान चार मापांच्या असतात, ५५९, ५७१, ५८४ आणि ५९० मिलिमीटर. एकीचा टायर दुसरीला बसत नाही. ७०० नावाचं चाक आणि २९ इंची म्हणून विकतात ते चाक यांची रिम मात्र एकच, ६२२. आणि आपल्या दूधवाल्याची जुनी काळी अठ्ठावीस इंची सायकल असते, तिची रिम ६३५.

“म्हणजे अठ्ठावीस हे एकोणतीसपेक्षा मोठं?”

“तेरा मिलिमीटरने!” आप्पांनी मांडीवर थाप मारली. “अहो, आमच्या खात्यात जन्म गेला, पण एवढा घोळ कधी बघितला नाही!”

प्रश्न साधा होता. वाटेत टायर फाटला तर कुठलं माप मिळेल? कुणीही म्हणालं असतं, एक जादा टायर घडी करून बरोबर न्या. आप्पांनी सर्वेक्षण हाती घेतलं. रत्नागिरीपासून नागरकोइलपर्यंतच्या सायकल दुकानांचे नंबर मिळवले आणि रोज तीन दुकानांना फोन लावले. मालवणपर्यंत मराठीत, पुढे हिंदीत, त्याच्याही पुढे नुसत्या आकड्यांत. होन्नावरच्या एका दुकानदाराचा असा समज झाला की पुण्याची कुठलीशी मोठी पार्टी आहे, आणि त्याने चाळीस टायर मागवून ठेवले. तो आता दर सोमवारी फोन करतो. दोघांनाही एकमेकांचं धड कळत नाही, पण वहिनी म्हणतात, सख्ख्या भावाशी बोलत नाहीत इतका वेळ हे त्याच्याशी बोलतात.

सांगाडा कशाचा घ्यायचा, या प्रश्नाची वेगळी नस्ती आहे. कार्बन हलका, पण दगडाचा फटका बसला तर आतून तडकतो आणि वरून कळतही नाही. ॲल्युमिनियम स्वस्त आणि ताठ. टायटॅनियमच्या रकान्यापुढे आप्पांनी लाल शाईत लिहिलं आहे, ‘वहिनींच्या अधिकारकक्षेबाहेर’. राहतं पोलाद. लांबचा प्रवास करणारे जगभरचे लोक पोलादाची शपथ घेतात, कारण म्हणे तुटलं तरी कुठल्याही खेड्यात वेल्डिंगवाला असतोच. आप्पांनी हे वाक्य वाचलं आणि पडताळून पाहायला थेट धायरीतल्या एका फॅब्रिकेटरकडे गेले. मीही होतो बरोबर, स्कूटर माझीच होती.

फॅब्रिकेटर एका गेटला जाळी लावत होता. काच वर करून त्याने आप्पांनी आणलेला नळीचा तुकडा बघितला. चांगल्या क्रोमोली सांगाड्याची नळी टोकांना जेमतेम नऊ दशांश मिलिमीटर जाड असते आणि मधे त्याहून पातळ. त्याने नळी नखाने वाजवली.

“याच्यावर माझा रॉड टेकवला ना साहेब, तर जोड नाही, भोक पडंल. गेट-बिट असंल तर सांगा.”

दुसरा कोणी असता तर खट्टू झाला असता. आप्पांनी जागच्या जागी वही उघडली आणि ‘त्रुटी क्रमांक १४’ लिहिली. परत येताना नवले पुलापर्यंत ते मागच्या सीटवर गुणगुणत होते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळाखाली एक सायकलवाला बसतो. पत्र्याचं घमेलं, त्यात पंक्चर बघायचं काळं पाणी, खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. चाकाचा आउट काढण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. दोन बोटांनी आरे आवळत जातो आणि तोंडाने पानवाल्याशी भांडत असतो. आप्पा त्याला मानतात, पण त्याची परीक्षाही घेतात. एकदा विचारलं, “कॅसेट काढता येते का हो तुम्हाला?” मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चकत्यांचा जो गठ्ठा असतो त्याला कॅसेट म्हणतात.

“कॅसेटी कुठं राहिल्या आता साहेब,” तो म्हणाला, “समदं मोबाईलवर आलं.”

मग व्हॉल्व्हचा विषय निघाला. आप्पांना हवी ती सायकल बारीक फ्रेंच व्हॉल्व्हची, तिला पिंपळाखालचा पंप लागत नाही. त्यासाठी पितळेची एक टोपी मिळते, करंगळीच्या नखाएवढी. ती बसवली की कुठलाही पंप चालतो. आप्पांनी तिचे दोन डझन नग घेतले आहेत. एक त्या सायकलवाल्याला दिला. तो त्याने कानातल्या बाळीसारखा दोऱ्यात ओवून घमेल्याच्या कडीला बांधून ठेवला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगतो, “एका साहेबांची सायकल येनार हाय, तिचं हाय ते.”

आप्पांना चिडवायचं तर एकच युक्ती आहे. निघून गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. हा अघोरी प्रकार मी पावसाळ्यात करतो, कारण तेव्हा दुसरी करमणूक नसते. थॉमस स्टीव्हन्स १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला तो पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं असलेल्या सायकलवर. चाकाचा व्यास ५० इंच, चेन नाही, गिअर नाही, पायडल थेट चाकाला. पृथ्वीला वळसा घालूनच परत आला. आप्पांना गिअर साडेसतरा इंचांपासून हवा आहे, पुढे २२ दात, मागे ३४, गुणिले चाकाचा व्यास. हा ‘इंच’ त्या उंच सायकलींच्याच काळातला. तुमचा गिअर किती मोठ्या चाकाच्या तोडीचा आहे, ते तो सांगतो. कोकणातला रस्ता खाडीला उतरतो आणि लगेच सड्यावर चढतो, दिवसातून चार-पाच वेळा, त्यामुळे आप्पांची मागणी तशी रास्तच आहे. मी म्हटलं, “स्टीव्हन्सकडे पन्नासचा एकच होता.”

“आणि चढावर तो काय करत असे? उतरून ढकलत असे! ते नाही सांगत कोणी.”

मग मी डर्व्हला मर्फी काढली. ही आयरिश बाई १९६३ च्या जानेवारीत डंकर्कहून निघाली आणि इराण-अफगाणिस्तानातून दिल्लीला पोचली. तिच्या सायकलीला तीन गिअर होते. आशियातल्या रस्त्यांवर ही नाजूक भानगड टिकायची नाही म्हणून तिने निघायच्या आधीच ते काढून टाकले.

“काढून टाकले?” आप्पांनी डोळे मिटले. जवळच्या कोणाचा पाय कापल्याची बातमी ऐकावी तसे.

शेवटचा घाव मुंबईचा. १९२३ च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ च्या मार्चमध्ये जगप्रदक्षिणा करून परतले, ७१,००० किलोमीटर. मी आकडा उच्चारला आणि गप्प राहिलो. आप्पा बराच वेळ खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत होते.

“त्यांना पर्याय कुठे होते हो?” ते म्हणाले. “तेव्हाच्या दुकानात चार सायकली असणार, त्यांतली एक उचलायची. ज्याला पर्यायच नाही त्याला निघायला काय जातंय!”

मला खरोखर उत्तर सुचलं नाही. वहिनींनी आतून भजी आणली, आणि कानावर पडलेला विषय पुढे नेला. प्रद्युम्नकुमार महानंदिया नावाचा ओडिशाचा चित्रकार १९७७ मध्ये दिल्लीहून सायकलने निघून स्वीडनला बायकोकडे गेला, हे त्यांनी कुठल्याशा पुरवणीत वाचलं होतं. “तो बायकोकडे जायचं म्हणून एवढ्या लांब गेला,” त्या म्हणाल्या. “आमचे बायकोपासून लांब जायचं म्हणतात, आणि चार वर्षं सकाळ-संध्याकाळ घरात.”

तरीसुद्धा गेल्या गणपतीत एक गोष्ट घडली. सायकलीचा एक भाग प्रत्यक्ष आला. सीट. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स कंपनीची, बी-सेव्हन्टीन. १८६६ सालची कंपनी, आणि हे मॉडेलही शंभरावर वर्षं जुनं. लोखंडी चौकटीवर ताणून बसवलेलं जाड कातडं, खाली ना फोम ना जेल. नवी असताना ती पाटासारखी कडक असते. शेकडो किलोमीटर बसल्यावर बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे तिला खळगे पडतात, आणि मग म्हणे तिच्यासारखं सुख नाही. भिजली की बिघडते, वरचेवर मेण लावावं लागतं, सैल पडली तर पुढचा नट फिरवून ताणावी लागते. वहिनी म्हणाल्या, “एवढ्यात सोफ्याची कापडं बदलून झाली असती, आणि त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून बसता आलं असतं.”

अडचण अशी की सीट मुरायला सायकल हवी, आणि सायकल तर प्रक्रियेत. आप्पा अडचणीला शरण जाणारे नव्हेत. धायरीच्या त्याच फॅब्रिकेटरकडून त्यांनी एका लोखंडी स्टुलावर उभी नळी बसवून घेतली (“हे कसं, कामासारखं काम सांगितलंत,” तो म्हणाला), तिच्यावर सीट चढवली, बरोबर हिशोबातल्या उंचीवर, पायांखाली दोन विटा. हे यंत्र बाल्कनीत दक्षिणेकडे तोंड करून ठेवलं. रोज सकाळी चहानंतर आप्पा त्याच्यावर चाळीस मिनिटं बसून पेपर वाचतात. ताशी १५ च्या वेगाने चाळीस मिनिटं म्हणजे १० किलोमीटर. पेपर घडी घातला की वहीत नोंद होते.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, गंमत आहे. मग एकदा भाजी घेऊन येताना खालून हाक मारली, “काय आप्पा, कुठवर?” वरून उत्तर आलं, “दाभोळ! जेटीची वाट बघतोय.” ते खरंच जेटीची वाट बघत होते, पाच मिनिटं नुसते बसून. तो वेळ धरला नाही. मग सोसायटीत सगळेच विचारू लागले. कुडाळ, मडगाव, कारवार. दिवाळीचा फराळ पुरता संपला तेव्हा ते गोकर्णच्या फाट्याच्या जरा अलीकडे असावेत. होन्नावर आलं त्या दिवशी त्यांनी दुकानदाराला फोन करून सांगितलं, आज तुमच्या गावावरून गेलो. दुकानदार जाम दुखावला. दुकानात का नाही आलात? आप्पांनी रविवार होता अशी थाप मारली, आणि ती त्यांना दोन दिवस लागून राहिली. त्या दोन दिवसांची नोंद कमी दिसते.

डिसेंबरात माझा पुतण्या मित्रांबरोबर गोव्याला सायकलने जायला निघाला. सायकल कुणाची तरी जुनी घेतलेली, रंग उडालेला, ब्रेकची तार बाहेर आलेली. मी भीत भीतच ती आप्पांना दाखवली. वाटलं, आता तासभर बौद्धिक होणार. आप्पा काही बोलले नाहीत. सायकल उलटी करून मागचं चाक फिरवलं आणि कान लावून ऐकलं. मग एकेका आऱ्यावर नखाने टिचकी मारत गेले, तानपुरा जुळवताना खुंटीगणिक थांबावं तसे. चेनच्या बाजूच्या दोन आऱ्यांचा आवाज बद्द आला.

“तुटला तर इथला तुटेल,” ते पुतण्याला म्हणाले. “या बाजूला दात्यांना जागा द्यायची म्हणून आरे उभे येतात. ताण सगळा यांच्यावर. आणि नेमका इथलाच बदलायला फ्रीव्हील काढावं लागतं.” त्यांनी आत जाऊन मोजमाप घेतलं, पिंपळाखालून त्याच लांबीचे तीन आरे आणवले, ते चिकटपट्टीने सायकलीच्या नळीला बांधले आणि फ्रीव्हील काढायचं ओळंब्याएवढं जड हत्यार पोराच्या पिशवीत कोंबलं. पोराने माझ्याकडे बघून डोळे फिरवले.

तवसाळहून जेटीने पलीकडे आले, आणि जयगडच्या चढावर आरा तुटला. चेनच्या बाजूचाच. गावातल्या एका गॅरेजात मोठा पान्हा मिळाला, हत्यार जवळ होतंच, पाऊण तासात पोरं पुन्हा रस्त्याला लागली. गोव्याहून परत आल्यावर पुतण्या घरीसुद्धा न जाता आधी आप्पांकडे गेला. आप्पांनी त्याला दोन तास बसवून घेतलं. समुद्र कसा होता, मासे काय खाल्ले, यातलं एक अक्षर नाही. किती पिशव्या, किती किलो, पिशवीला टाच लागत होती का, तुटलेला आरा टोकाशी तुटला की वाकाशी. वाकाशी, म्हटल्यावर “वाटलंच,” एवढंच म्हणाले. पुतण्याने तुटलेला आरा जपून आणला होता, तो त्यांनी मागून घेतला.

त्या रात्री मी स्कूटर लावायला खाली गेलो तर आप्पा पार्किंगमध्ये त्या पिवळ्या चौकटीच्या आत उभे. हात मागे बांधलेले. मला काय बोलावं ते कळेना.

“कोपऱ्यातला रंग उडालाय,” ते म्हणाले. “एक हात मारून घ्यायला हवा.”

जानेवारीत मात्र सगळं जुळून आलं. चौदाच्या चौदा त्रुटींची पूर्तता झाली, तुलनात्मक तक्ता अंतिम झाला, पोलादी सांगाडा, छत्तीस आऱ्यांची चाकं, रिमवर आवळणारे साधे ब्रेक, कारण ते कुठेही दुरुस्त होतात. तिसरी सुप्रमा हाताशी होतीच. आप्पांनी धुतलेला सदरा घातला आणि आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानातल्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

“सर, ते मॉडेल बंद झालं. आता त्याच्यात डिस्क ब्रेक येतो. सांगाडा पण थोडा बदललाय, चाकाचं मापही.”

मी घाबरून आप्पांकडे बघितलं. मला वाटलं, हे आता खाली बसतात की काय. आप्पांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरत गेला. त्यांनी खिशातून पेन काढलं.

“म्हणजे फेरनिविदा,” ते म्हणाले. मुलगा झाला, पेढे घ्या, याच चालीवर.

पेढे खरंच आले, पण ते महाशिवरात्रीच्या सुमारास. सकाळी बेल वाजली, दारात वहिनी, हातात चितळ्यांचा पुडा. “पोचले,” त्या म्हणाल्या. मी धावत वर गेलो. आप्पा स्टुलावर ताठ बसले होते, पेपर बाजूला ठेवलेला, समोर दक्षिणेकडे फक्त पाण्याच्या टाक्या आणि एक अर्धवट बांधलेली इमारत. वहीत १६०० ला दुहेरी रेघ मारलेली. त्यांनी उठून मला सीट दाखवली. कातड्याला दोन खळगे पडले होते, उथळ, पण स्पष्ट. मी अंगठा फिरवून बघितला. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा हेवा वाटला. होन्नावरच्या दुकानदाराचाही अभिनंदनाचा फोन येऊन गेला होता.

आता सकाळचा वेळ ते कसा घालवणार, ही चिंता मला दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी पार्किंगमधून वर बघितलं तर बाल्कनीत आप्पांची पाठ दिसली. स्टूल फिरवून ठेवलेलं, तोंड उत्तरेला, घराकडे. आतल्या बाजूला दारात टेबलफॅन, पूर्ण वेगावर. पेपर फडफडत होता आणि आप्पा तो दोन्ही हातांनी धरून पुढे वाकून बसले होते.

“काय आप्पा, कुठवर?”

“नागरकोइल,” ते मान न वळवता ओरडले. “समोरचा वारा आहे. आज आठच होतील!”